अरुंद फळीचा कैवार

१

आमचे एक समीक्षक स्नेही गेल्या हिवाळ्यात चार दिवस आमच्याकडे राहून गेले. नोकरीच्या निमित्ताने आम्ही स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात राहतो. घराच्या दारामागे उभी केलेली लांबट, चिंचोळी फळी पाहून "ही इस्त्रीची काय?" असे त्यांनी विचारले. ती स्नोबोर्डची फळी असून गेल्या नऊ हिवाळ्यांतला जवळजवळ प्रत्येक मोकळा शनिवार तिने गिळला आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी आमच्यावर तीन आरोप ठेवले.

पहिला आरोप असा की, यंत्राच्या पाळण्यात बसून डोंगर चढायचा आणि गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर तो उतरायचा, असे दिवसातून वीस वेळा करण्यातून काहीच निर्माण होत नाही. दुसरा आरोप अधिक टोकदार होता. खेळायचेच तर ती तरुण मंडळी खेळतात तसे खेळावे. त्यांच्या फळ्या रुंद, बूट मऊ. ती उड्या मारतात, गिरक्या घेतात, मनाला येईल तिकडे वळतात. आम्ही मात्र प्लास्टिकच्या ताठ बुटांत पाय आवळून, एका चिंचोळ्या फळीवर तीच ती कमान पुन्हा पुन्हा काढत बसतो. "तुम्ही खेळातसुद्धा वृत्तबद्धच राहिलात," असे ते म्हणाले. तिसरा आरोप एका शब्दाचा होता: व्यसन.

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. साहित्यविचाराला वाहिलेल्या या पानांवर ते द्यावे, याचे कारण दुसऱ्या आरोपात आहे. जे रुंद ते मुक्त आणि जे अरुंद ते बद्ध, हे समीकरण आमच्या स्नेह्यांनी बर्फावर शोधून काढलेले नाही. ते त्यांनी आपल्या समीक्षेतून सोबत आणले होते. हे समीकरण खोटे आहे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. आणि ते खोटे कसे, हे अठरा-एकोणीस सेंटिमीटरच्या फळीइतके स्वच्छ आम्हांला दुसऱ्या कशानेही शिकवलेले नाही.

२

आधी वस्तू पाहू. या वादात वस्तू न पाहताच बोलणारे पुष्कळ आहेत.

दुकानात सहज मिळणारी स्नोबोर्डची फळी कमरेशी, म्हणजे तिच्या सर्वांत निमुळत्या भागात, सुमारे पंचवीस सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर पाय जवळजवळ आडवे ठेवतात. आमची फळी १६८ सेंटिमीटर लांब आणि कमरेशी साडेअठरा सेंटिमीटर रुंद आहे. माणसाचा बूट यापेक्षा कितीतरी लांब, तेव्हा तो आडवा ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवावे लागतात; आमचा पुढचा पाय फळीच्या आडव्या रेषेशी ६५ अंशांत आणि मागचा ६० अंशांत बांधलेला असतो. बूट स्कीच्या बुटांसारखे कठीण कवचाचे, आणि ते धरून ठेवणारी बाइंडिंगे धातूच्या तारेची व पट्टीची.

हा सारा खटाटोप कशासाठी? फळीच्या दोन्ही कडांना पोलादाची पट्टी असते आणि दोन्ही बाजू किंचित आत वळलेल्या असतात. फळी एका कडेवर कलंडवून तिच्यावर भार दिला, की ती धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेल्या कडेच्या रेषेतच पुढे जाते. तोंडाने बर्फात जी खाच पाडली, तिच्यातूनच शेपटी निघून जाते. याला कोरणे म्हणावे. याच्या उलट, सर्वसाधारण वळणात फळीची शेपटी बाजूला ढकलली जाते आणि कड बर्फ खरवडत जाते. तिला आम्ही घसट म्हणतो. घसटीची खूण हातभर रुंद असते. कोरलेल्या वळणाची खूण पेन्सिलीच्या रेघेसारखी असते.

कोरलेले वळण किती आवळ होईल, याचे एक ढोबळ गणित आहे. फळीच्या बाजूच्या बाकाची त्रिज्या घ्यावी आणि फळी जितकी कलली असेल त्या कोनाच्या कोज्येने तिला गुणावे. आमच्या फळीची त्रिज्या १२ मीटर आहे. ती ६० अंशांत कलली, तर वळणाची त्रिज्या निम्मी, म्हणजे ६ मीटर होते. वळण आवळायचे असेल तर सुकाणू फिरवून भागत नाही, अधिक कलावे लागते. आणि येथेच रुंदीचा प्रश्न येतो. रुंद फळीवर पाय आडवे असतात, चवडे आणि टाचा कडेबाहेर डोकावत असतात. फार कलले की बूट बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि स्वार भुईवर येतो. अरुंद फळीवर बाहेर डोकावणारे काही उरत नाही. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्याचे अंतरही कमी, म्हणून तो पालट झटपट होतो.

तेव्हा फळी अरुंद का, याचे उत्तर ‘अधिक कलता यावे म्हणून’ असे आहे. जिला आमचे स्नेही बंधन समजले, ती एका विशिष्ट हालचालीची वाट आहे. ती हालचाल रुंद फळीवर एका मर्यादेपर्यंतच करता येते. पुढे फळीच आडवी येते.

३

आम्हांला हा नाद लागला तो झिनाल या गावी. सिएर शहराहून बस निघते, व्हिसुआ येथे दुसरी बस धरावी लागते आणि व्हाल दानिव्हिएच्या दरीत शेवटी झिनाल लागते. गावातून केबल-कार सोरेब्वाच्या पठारावर नेते. तेव्हा आमच्या पायांत भाड्याची रुंद फळी होती आणि तीन हिवाळ्यांच्या सरावानंतर आम्ही स्वतःला बरे स्नोबोर्डर समजत होतो.

सकाळचे नऊ वाजले असावेत. रात्री यंत्राने सारवलेल्या उतारावर कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा अजून शाबूत होत्या. चेअरलिफ्टमधून खाली पाहताना त्या रेघांवरून ओढलेली एक अखंड नागमोडी रेषा दिसली. उताराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, वरपासून खालपर्यंत, कोठेही न फाटलेली. काही वेळाने ती काढणारा दिसला. साठीच्या घरातला, पांढऱ्या केसांचा गृहस्थ. प्रत्येक वळणात तो जवळजवळ बर्फावर आडवा होत होता आणि पुन्हा उठून दुसऱ्या बाजूला आडवा होत होता. घाई कोठेच नव्हती. आवाजही जवळजवळ नव्हता. घसटीचा जो खर्रर्र आवाज आम्ही खेळाचा स्वाभाविक आवाज समजत होतो, तो त्याच्या फळीतून येतच नव्हता.

खाली आल्यावर आम्ही आमची स्वतःची खूण शोधली. फरशी पुसल्यासारखे फराटे होते. तीन हिवाळे आम्ही वळत होतो अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात आम्ही प्रत्येक वळणावर ब्रेक लावत होतो.

(झिनालला हे दृश्य दिसावे हा अगदीच योगायोग नव्हता. शरीर पूर्ण ताणून बर्फावर निजवणारी जी कोरण्याची शैली ‘एक्स्ट्रीम कार्व्हिंग’ या नावाने ओळखली जाते, ती याच दरीत स्विस स्नोबोर्डरांनी नावारूपाला आणली. आम्हांला त्या वेळी याचा पत्ता नव्हता.)

पुढच्या महिन्यात आम्ही जुनी वापरलेली अरुंद फळी विकत घेतली आणि आमच्या खेळाची रीतसर माती झाली. पहिले दोन दिवस उभे राहणेच जमेना. रुंद फळी पुष्कळ काही पोटात घालते. भार मागे राहिला, खांदे वळले, कंबर मोडली, तरी ती थोडी घसटते आणि वेळ मारून नेते. अरुंद फळीला ही सवय नाही. कडेवर ठेवली की ती पकडते. मग तिच्यासोबत जावे किंवा पडावे. चवड्यांकडच्या वळणात आम्ही पार्श्वभाग मागे काढून वाकत होतो. टाचांकडच्या वळणात खुर्चीत बसल्यासारखे बसत होतो. दोन्ही वेळा कड सुटत होती, आणि सुटल्याची खूण लगेच वर, पांढऱ्यावर, उमटलेली असे.

एक चूक मात्र मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थाचा हात वळणात बर्फाला लागत असे. आम्हांला ते फार मोहक वाटले होते, म्हणून आम्हीही हात खाली नेऊन बर्फाला लावू लागलो. हात लागत होता. फळी मात्र पूर्वीइतकीच सपाट होती, उलट खांदा खाली गेल्याने कडेवरचा भार कमी होत होता. खरे कलणे घोट्यांतून, गुडघ्यांतून आणि नितंबांतून येते. ते पुरेसे झाले की बर्फ आपणहून हाताशी येतो. परिणामाचे सोंग आणले की कारण हरवते, हे आम्ही कवितांच्या बाबतीत विद्यार्थ्यांना कितीदा सांगितले असेल. ते आमच्या स्वतःच्या अंगाला दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या शेवटी कळले.

ज्या दिवशी पहिले वळण पूर्ण कोरले गेले, तो दिवस आठवतो. बुटांच्या तळव्यांतून येणारी थरथर एकाएकी थांबली. वळणाच्या मध्यावर अंगाचे वजन दुप्पट झाल्यासारखे वाटले आणि पाय त्या वजनाला पुरून उरले. आम्ही खाली थांबून वर पाहिले, तर एकच रेघ होती. सुमारे पंधरा मीटरची. ती पाहायला आम्ही नऊ वर्षे परत परत जात आहोत.

४

येथे एका थोर तत्त्वज्ञाशी भांडण उकरून काढणे भाग आहे. ज्याँ-पॉल सार्त्र यांनी ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) या ग्रंथाच्या अखेरच्या भागात बर्फावरून घसरण्याचा विचार केला आहे. साहित्याच्या वर्गात या ग्रंथातील वाईट श्रद्धेचे प्रकरण आणि ‘दुसऱ्याची नजर’ यांवर पुष्कळ बोलले जाते. ही पाने बहुधा कोणी उघडत नाही. सार्त्र यांचे म्हणणे थोडक्यात असे: घसरणे ही वस्तूवर ताबा मिळवण्याची एक रीत आहे. तीत माणूस वस्तूत रुतत नाही, तिच्यात मूळ धरत नाही, पृष्ठभागावरून निघून जातो आणि तरीही तिच्यावर मालकी गाजवतो. म्हणून आदर्श घसरणे म्हणजे मागे खूण न ठेवणारे घसरणे. पाण्यावरून जाणारी होडी किंवा पाण्यावरची स्की हे त्याचे उत्तम रूप. बर्फावरचे घसरणे त्यांच्या मते त्या मानाने उणे, कारण तेथे मागे खूण राहते आणि ती खूण माणसाला अडकवते.

सार्त्र यांनी जी उणीव मानली, तीच आमच्या मते या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पाणी कोणाचीच चूक लक्षात ठेवत नाही, बर्फ निदान संध्याकाळपर्यंत ठेवतो. आम्ही वळण कोरले की घसटले, हे ठरवायला परीक्षक लागत नाही, मत लागत नाही, त्या दिवशीची मनःस्थिती लागत नाही. मान वळवून वर पाहिले की पुरते. साहित्याच्या व्यवहारात ज्यांची हयात गेली, त्यांना हे केवढे सुख वाटत असेल, याची कल्पना येथील वाचकांना सहज यावी. आपल्याकडे फराट्यालाही रेषा म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच, आणि पुष्कळदा तो आपला स्नेही असतो.

पुढे १९५८ साली रॉजर कायवा यांनी खेळांचे जे चार वर्ग पाडले, त्यांत स्कीला त्यांनी भोवळीच्या वर्गात टाकले: झोके, गिरक्या, दोरावरची कसरत यांच्या शेजारी. या वर्गातल्या खेळांत माणूस आपल्या इंद्रियांची घडी क्षणभर विस्कटू देतो आणि त्यातच रमतो. पहिल्या वर्षी आम्हांलाही तसे वाटले असते. पण कोरण्याचा अनुभव भोवळीच्या विरुद्ध टोकाचा आहे. तेथे इंद्रियांची घडी बसते. मर्ढेकरांनी लयीचे जे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम सांगितले, ते आम्ही वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेतले आणि उतरवून दिले. एका कडेचा ताण, त्याला छेद देणारा दुसऱ्या कडेचा ताण आणि दोहोंच्या मधला, फळी सपाट असतानाचा तो निमिष, असे तिन्ही नियम एकाच श्वासात अंगावरून गेल्यावर मर्ढेकर केवळ परिभाषा बनवत नव्हते, याची आम्हांला खात्री पटली.

५

आता ‘मुक्ती’कडे वळू, कारण अरुंद फळी बाजारातून हद्दपार झाली ती या शब्दाच्या नावाने.

१९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून आपल्या मुलींसाठी खेळणे बनवले. ते ‘स्नर्फर’ या नावाने विकले गेले. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ साली व्हरमाँटमध्ये फळ्या बनवण्याचा धंदा सुरू केला. पुढे १९८० च्या दशकात हा खेळ आल्प्समध्ये रुजला, तेव्हा तेथील लोकांनी स्कीचे कठीण बूट आणि कडेचे तंत्र त्याला जोडले. त्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकाच्या आरंभी आल्प्सच्या गावोगावच्या दुकानांत अरुंद फळ्या सर्रास दिसत. १९९८ साली नागानो येथे स्नोबोर्ड प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा दोनच प्रकार होते: जायंट स्लालम आणि हाफपाइप.

त्या स्पर्धेतून लोकांच्या लक्षात काय राहिले? जायंट स्लालमचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटी यांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले, पदक काढून घेतले गेले आणि परत दिले गेले. नॉर्वेचे टेर्ये हाकॉन्सेन यांनी हाफपाइपमध्ये उतरण्यास नकार देऊन ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. दोन्ही घटनांचा अर्थ बाजाराने एकच लावला: स्नोबोर्ड म्हणजे बंड, आणि बंड म्हणजे मऊ बूट, रुंद फळी, ढगळ विजार. ‘फ्रीस्टाइल’, ‘फ्रीराइड’ अशी नावे रूढ झाली. दोन्हींच्या तोंडी ‘फ्री’. कठीण बूट घालणारा मनुष्य स्कीवाल्यांचा हस्तक ठरला. मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक अरुंद फळ्यांकडे पाठ फिरवली. आज त्या मुख्यतः छोट्या कार्यशाळांत, बऱ्याचदा स्वाराचे वजन आणि बुटाचे माप विचारून, बनवल्या जातात. जपानमध्ये कठीण बुटांची परंपरा टिकून आहे. इतरत्र आमच्यासारखे तुरळक.

रुंद फळीवर आमचा राग नाही. तिच्यावरून घेतलेल्या उड्या आणि गिरक्या ही अवघड विद्या आहे, आणि तिची स्वतःची शिस्त वर्षानुवर्षांच्या मारातून आलेली असते. आमची तक्रार आहे ती विक्रेत्याच्या मुक्तीशी. हाफपाइपमध्ये जाणारे शंभरात किती? उरलेले मुक्त लोक भाड्याची मऊ फळी घेऊन उतारभर घसटत येतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही की वळण नावाची निराळीच एक गोष्ट असते. आम्हांलाही तीन हिवाळ्यांत कोणी सांगितले नव्हते. शिकवणाऱ्याने सांगितले ते असे: "मजा येतेय ना? मग बरोबर आहे." मुक्तीच्या नावाखाली आम्हांला मिळाली होती ती केवळ कशाचीच जबाबदारी नसण्याची सवलत.

गंमत अशी की, याच १९९० च्या दशकात स्कीवाले उलट दिशेने गेले. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल बाकाच्या स्की बाजारात आणल्या आणि सरळसोट स्की काही वर्षांत अडगळीत गेल्या. सर्वसामान्य स्कीवाल्याला कोरता येऊ लागले. मुक्त म्हणवणाऱ्यांनी जो बाक टाकून दिला, तो परंपरावाद्यांनी उचलला. २०१८ साली प्यॉन्गचांग येथे चेकियाच्या एस्टर लेडेत्स्का यांनी प्रथम स्कीवर सुपर-जी ही शर्यत एका शतांश सेकंदाने जिंकली आणि आठवड्याभराने अरुंद फळीवर पॅरलल जायंट स्लालम जिंकले. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वेगळ्या साधनांवर सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली स्त्री. कड ओळखणाऱ्याला दोन घरे मोकळी असतात, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

६

मराठी कवितेच्या अभ्यासकांना हे सारे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे छंदाचा इतिहास बंधनाचा आणि मुक्तछंदाचा इतिहास सुटकेचा, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. परंतु मुक्तछंदाचे प्रवर्तक म्हणून आपण ज्या कवी अनिलांचे नाव घेतो, त्यांनीच पुढे दहा ओळींचा एक बंदिस्त आकृतिबंध घडवला, आणि ‘दशपदी’ याच नावाच्या संग्रहाला १९७७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे मतपरिवर्तन होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. मुक्तछंद हाही छंदच आहे. त्याला लयीचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते अनिलांइतके कोणाला ठाऊक होते? ज्याने मुक्तछंद कानाने कमावला, त्याला दहा ओळींची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ज्याने मुक्तछंद केवळ सवलत म्हणून घेतला, त्याला.

मराठीत ‘छंद’ हा शब्द वृत्तालाही लागतो आणि नादालाही. आमच्या स्नेह्यांनी आम्हांला ‘वृत्तबद्ध’ म्हणून हिणवले, तेव्हा आपण दोन्ही अर्थांनी बरोबर बोललो, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. एक बारीक मर्यादा मान्य केल्यावर तिच्या आत जे दिसू लागते, त्याचाच माणसाला नाद लागतो. मर्यादाच नसेल तर नाद लागायला जागा कोठे?

७

आता जे आक्षेप खरे आहेत ते कबूल केले पाहिजेत. अन्यथा हा कैवार वकिली ठरेल.

अरुंद फळी सर्वत्र चालत नाही. ताज्या, खोल बर्फात तिचे तोंड बुडते. उंचवट्यांच्या उतारावर ती हाडे खिळखिळी करते. तिला सारवलेला उतार हवा, तोही सकाळी, गर्दी होण्यापूर्वी. गर्दीत ती धोकादायकही आहे. कोरणारा मनुष्य उताराच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि टाचांकडच्या वळणात त्याची पाठ अर्ध्या उताराकडे असते. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळावे, हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आमच्या बाजूने आहे. पण नियमाने हाड जुळत नाही. अकरा वाजता आम्ही फळी सोडून कॉफी घेतो, ते शहाणपणापेक्षा भीतीने.

हा खेळ महाग आहे. केबल-कारचे तिकीट, बूट, फळी, दर काही दिवसांनी कडांना धार. विदर्भातल्या ज्या गावातून आम्ही आलो, तेथील माणसाला या खर्चाचे आकडे सांगायला आमची जीभ रेटत नाही. आणि ज्या बर्फावर हे सारे उभे आहे, तो चालला आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. आमच्या खालच्या उतारांवर आता पुष्कळदा तोफांनी फवारलेला बर्फ असतो. त्याला पाणी लागते, वीज लागते. आम्ही बसने जातो, यापलीकडे आमच्याकडे बचाव नाही.

आणि व्यसन. या शब्दापुढे आम्ही काही काळ युक्तिवाद करत होतो. व्यसनी माणसाला मात्रा वाढवावी लागते; आम्ही उलट पूर्वीपेक्षा सावकाश, सौम्य उतारावर, त्याच फळीवर, एका वळणाचा आरंभ सुधारण्यात सकाळ घालवतो. याला व्यासंग म्हणावे, असे आम्ही म्हणत असू. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. सलग तीन वर्षे आम्ही डिसेंबरात घरी गेलो नाही. कारणे नोकरीची सांगितली. खरे कारण दारामागे उभे होते. आईने फोनवर एकदाच विचारले, "तो बर्फ एवढा का गोड लागतो रे?" तिसऱ्या वर्षी तिची दृष्टी अधू झाली होती आणि तिने ते कळवले नव्हते. चौथ्या डिसेंबरात आम्ही गेलो. ती बर्फाविषयी काही बोलली नाही, आम्हीही नाही.

ही गोष्ट आम्ही फळीच्या खाती टाकत नाही. ती आमच्या खाती आहे. ज्या फळीने प्रत्येक वळणाची जबाबदारी घ्यायला शिकवले, तिच्याच आड लपून आम्ही दुसरी जबाबदारी चुकवली. आमच्या स्नेह्यांनी व्यसन हा शब्द वापरला तो या अर्थाने असेल, तर तो आरोप आम्हांला मान्य आहे. खेळ निरुपयोगी, फळी अरुंद आणि म्हणून हे व्यसन, असा त्यांचा अन्वय असेल, तर तो आम्ही फेटाळतो.

८

राहिला पहिला आरोप: यातून काही निर्माण होत नाही. खरे आहे. संध्याकाळी साडेचारला शेवटचा पाळणा थांबतो. अंधार पडल्यावर सारवणारे यंत्र दिवे लावून उतारावर चढते आणि दिवसभराच्या सर्व खुणा, कोरलेल्या आणि घसटलेल्या, सारख्याच न्यायाने पुसून टाकते. आम्ही काढलेली चांगली रेघ कोणी पाहिली असेल तर चेअरलिफ्टमधून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाने. त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थालाही आम्ही खालून पाहत होतो हे ठाऊक नव्हते, आणि त्याची ओळख पुढेही झाली नाही.

आमच्या स्नेह्यांना आमची एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेस त्यांनी रात्री जेवणानंतर वाद न घालता सकाळी सातची बस धरावी. त्यांनी खेळण्याची गरज नाही. चेअरलिफ्टमधून खाली पाहावे, आणि उतारावरच्या खुणांपैकी मुक्त माणसाची कोणती व बद्ध माणसाची कोणती, ते आम्हांला दाखवावे. त्यांचा जो निर्णय होईल तो आम्ही मान्य करू. मात्र तो खुणा पाहून दिलेला असावा. फळीची रुंदी मोजून दिलेला नव्हे.